दगडावर बसण्याची परवानगी

नुसतं बसायलासुद्धा सरकारी परवानगी लागते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी बसलो होतो, पण अर्ज कुणी मागितला नव्हता.

सत्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. स्टोअरकीपर म्हणजे ज्याच्याकडे लोक फक्त मागायला येतात असा माणूस. दिवसभर खिडकीतून एकेक डोकं आत यायचं. "पुंडलिकराव, हातमोजे आले का?" "भाईसाब, तीन इंची व्हॉल्व है क्या?" संध्याकाळी घरी यावं तर तिथेही सुटका नाही, कारण बिल्डिंगचा सेक्रेटरी मीच. बारा बिऱ्हाडं आणि पाण्याच्या पंपाची किल्ली एक, ती माझ्याकडे. हा मान मला एकमताने मिळाला होता. ज्या सभेत मिळाला त्या सभेला मी हजर नव्हतो.

तर अशा या मानाच्या माणसाला एक दिवस स्टोअरमध्येच भोवळ आली आणि पालघरच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून सांगितलं, "वरचं एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. आठवड्यातून एकदा तरी तासभर अशा जागी जाऊन बसा, जिथे तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

माझे वडील याच दुखण्याने एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, वत्सलेने सांगितलं. वत्सला म्हणजे माझी बायको. परत येताना ती रस्ताभर गप्प होती. मला बरं वाटलं. म्हटलं, हिला मुद्दा समजला, शांततेची सुरुवात हिच्यापासून झाली.

पहिला प्रयोग घरातच केला. वत्सलेने मला आतल्या खोलीत बसवलं, दार लोटून घेतलं आणि स्वतः बाहेर पहाऱ्याला बसली. अकरा मिनिटांत चार जण येऊन गेले. एकाला किल्ली हवी होती. दोघांना माझी तब्येत कशी आहे ते विचारायचं होतं, आणि वत्सलेने "ते शांत बसलेत" असं सांगितल्यावर त्यांचा आवाज काळजीने जास्तच चढला. चौथे तळमजल्यावरचे, त्यांनी कच्च्या लसणाचा उपाय दाराबाहेरून ओरडून सांगितला. मी आतून "बरं" म्हटलं. तिथेच प्रयोग संपला.

मग आले कमलाकांत. कमलाकांत आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहतात. रेल्वेत बुकिंग क्लार्क होते, आता निवृत्त. जन्मभर लोकांना तिकिटं दिल्यामुळे भारतातल्या कुठल्याही गावाविषयी ते तिथे राहून आल्यासारखे बोलतात.

"घरात शांतता मिळत नसते पुंडलिकराव," ते माझ्याच खुर्चीत बसून, माझंच वर्तमानपत्र उघडत म्हणाले. "ती डोंगरावर. मनोरच्या रस्त्याला आत एक टेकडी आहे, तिच्यावर बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू तिथे ध्यान करायचे. माणूस फिरकत नाही. मात्र जागा जंगलखात्याच्या हद्दीत. न विचारता गेलात तर अडवतील."

इथे मी चूक केली. सरळ उठून गेलो असतो तर वाटेत फार तर एखादी गाय आडवी आली असती. पण मी स्टोअरकीपर. चिठ्ठीशिवाय मी कुणाला साधा स्क्रू देत नाही आणि स्वतःही काही घेत नाही. तेव्हा रजा टाकून पालघरच्या एका कचेरीत गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही, पुन्हा कधी काम पडेल सांगता येत नाही.

टेबलामागे नामदेव नावाचे कारकून होते. माणूस सज्जन होता, आणि सज्जन कारकुनाइतका कठीण इसम दुसरा नाही, कारण त्याच्यावर रागावता येत नाही. त्यांनी छापील अर्ज दिला. मी तो भरला. भेटीचा उद्देश या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं, "बसणे".

नामदेवांनी चष्मा वर केला. "साहेब, बसणे हा उद्देश होत नाही."

"का?"

"बसून काय करणार?"

"काहीच नाही."

"मग ते कशासाठी लिहायचं? हे बघा, यात तीनच प्रकार बसतात. लाकूडफाटा, धार्मिक कार्य आणि शैक्षणिक सहल. लाकूडफाट्याला बंदी आहे. धार्मिक कार्याला पोलीस पाटलाचा दाखला लागतो. सहल लिहा. सहलीला प्रमुख सोडून कमीत कमी दहा माणसं लागतात."

"अहो, मला एकट्याला जायचंय. एकट्याने जाणं हेच तर औषध आहे."

"मग डॉक्टरांचं पत्र आणा," नामदेव म्हणाले, आणि क्षणभर विचार करून दुःखाने मान हलवली. "पण पत्र लावायला अर्जावर जागा नाही."

तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला माझा दाब किती होता ते मोजायला तिथे कुणी नव्हतं म्हणून बरं. शेवटी मी हरलो आणि लिहिलं: शैक्षणिक सहल, व्यक्ती अकरा, प्रमुख पुंडलिक अमुक अमुक. अशा रीतीने, जिथे मला कुणी काही विचारणार नाही अशा जागी जाण्यासाठी मी दहा माणसं गोळा केली.

गोळा करावी लागली नाहीत. कमलाकांतांनी जिन्यात उभं राहून नुसती "सहल" म्हटलं आणि यादी भरली. त्यांची पत्नी चंद्रकांताबाई म्हणाल्या, "माझ्या भजनी मंडळालाही सांगते," त्यांना मी हात जोडून थांबवलं. जेवणाचं काय, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की वत्सलावहिनींच्या पुऱ्या असल्यावर दुसरं काही नको. वत्सला "बरं" म्हणाली. रविवारी पहाटे मला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात तेलाचा चर्र आवाज येत होता. मी पांघरूण डोक्यावर घेतलं, कारण त्या आवाजाने माझी शांतता ढळत होती.

शिवाजीचा टेम्पो ठरवला होता. एरवी तो माझ्याच कारखान्यातली निळ्या रंगाची पिंपं पोचवायचा, त्यामुळे आम्ही अकरा जण टेकडीशी उतरलो तेव्हा निळे होतो. चंद्रकांताबाईंची पांढरी साडी पाठीमागून मोरपिशी झाली होती आणि हे त्यांना कुणी सांगायचं यावर टेकडी चढेपर्यंत चर्चा चालली. टेकडीच्या पायथ्याशी दहा-बारा झोपड्यांचा पाडा होता. पाड्यात चिटपाखरू नव्हतं. सगळे उतारावर गवत कापत होते. मला हायसं वाटलं.

आता विहाराविषयी. खोटं कशाला सांगू, पाहिल्याबरोबर माझा चेहरा पडला. गवतात बुडालेला एक गोल चौथरा, निम्मा ढासळलेला. इकडेतिकडे घडीव दगड. एकावर कमळ होतं, पण पावसाने झिजून त्याच्या पाकळ्या नुसत्या हाताला लागायच्या, डोळ्यांना दिसायच्या नाहीत. खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं, त्यात पाचोळा. कमलाकांतांनी ताबडतोब चौथऱ्यावर चढून व्याख्यान सुरू केलं. सोपाऱ्याच्या बंदरातून व्यापारी कसे यायचे, भिक्षूंना दान कसं द्यायचे, हे ते अशा थाटात सांगत होते की त्या व्यापाऱ्यांची तिकिटं यांनीच फाडली असावीत. मंडळी पेरू खात ऐकत होती. मी हळूच मागे सटकलो.

चौथऱ्याच्या मागच्या अंगाला, मोहाच्या झाडाखाली एक सपाट दगड होता. बसून बसून गुळगुळीत झालेला. मी चपला काढल्या, मांडी घातली, डोळे मिटले.

आणि खरं सांगतो, शांतता होती. गवत कापल्याचा वास येत होता. मला वाटलं, दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळ्याचे चार महिने इथेच कुणीतरी असं बसलं असेल. त्याला कुणी काही विचारत नसेल, कारण तो घरदार सोडून आला होता. घरी मागे राहिलेल्यांना काय वाटलं असेल, असा एक प्रश्न मनात आला, पण मी तो झटकला. डॉक्टरांनी प्रश्न नको म्हणून सांगितलं होतं. आपण किती दमलोय हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. नुसते पाय नाही, कपाळाच्या मागे कुठेतरी दमलो होतो. डोळ्यांत पाणीही आलं थोडं. अशी सात मिनिटं गेली असतील.

मग कुणीतरी खोकलं.

डोळे उघडले तर समोर तीसेक माणसं जमिनीवर बसलेली. बायका, पुरुष, म्हातारे. हातातले विळे बाजूला ठेवलेले. सगळे माझ्याकडे एकटक बघत होते आणि कुणीही बोलत नव्हतं. नंतर कळलं, चिमी नावाच्या बाईने भारा नेताना मला बघितलं होतं आणि भारा तिथेच टाकून हाका मारत सुटली होती.

"काय पाहिजे?" मी सवयीने विचारलं.

पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. त्याचं नाव भिका. "दगडावर बसून आपून बोलायचा नाय, बाबा. आमी इचारायचा. आता सांग, तुजा कोनाशी तंटा हाय?"

"कुणाशी नाही."

"मंग दगडावर कशाला बसला?"

हळूहळू उलगडा झाला तो असा. त्या पाड्याची जुनी रीत होती. ज्याच्या मनाला लागेल असं कुणी केलं असेल, त्याने भांडायचं नाही, ओरडायचं नाही. त्याने येऊन या दगडावर गप्प बसायचं. कुणाला तरी तो दिसतो. मग सगळा पाडा हातातलं काम टाकून येतो, समोर बसतो आणि विचारतो, तुला काय झालं? ज्याच्यामुळे झालं त्याने समोर खाली बसून, तोंडातून अवाक्षर न काढता ऐकायचं. आणि हे मिटेपर्यंत कुणी कामाला हात लावायचा नाही.

"गवात तसाच टाकून आलो," भिका म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, फक्त माहितीसाठी.

मी घाबरून म्हणालो, "अहो, गैरसमज झालाय. मी फक्त शांततेसाठी बसलो होतो."

"म्हंजे घरात शांती नाय?" भिकाशेजारच्या म्हातारीने विचारलं. तिचं नाव तानी. पाड्यातल्या सगळ्या तंट्यांत शेवटचा शब्द तिचा, हे तिच्याकडे बघताच कळत होतं.

"आहे ना."

"मंग इथं इतक्या लांब कशाला आला?"

एवढ्यात आमची मंडळी गोळा झाली. कमलाकांतांनी काय चाललंय ते ऐकलं, त्यांचा चेहरा उतरला, आणि अपराधी माणसाने स्वतः उभं राहावं तसे ते पुढे आले. "पुंडलिकराव, माझ्याबद्दल तर काही नाही ना?"

मी "छे छे" म्हणणार होतो. तीस माणसं वाट बघत होती. गवत खोळंबलं होतं. आणि बोईसरला आल्यापासूनच्या अकरा वर्षांत, कारखान्यात, बिल्डिंगमध्ये, सभेत, "तुला काय झालं?" असं मला कुणी विचारलं नव्हतं. माझा बांध फुटला.

"आहे!" मी ओरडलो. "माझं वर्तमानपत्र तुम्ही माझ्याआधी वाचता! आणि शब्दकोडं सोडवून ठेवता! पेनाने!"

"खाली बस," तानी कमलाकांतांना म्हणाली. कमलाकांत बसले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तानीने बोट वर केलं, आणि जे काम बिल्डिंगमधल्या अकरा बिऱ्हाडांना कधी जमलं नव्हतं ते झालं. ते गप्प राहिले. मग मी कुणालाच सोडलं नाही. तळमजल्यावरचे बसले, लसणाबद्दल. चंद्रकांताबाई बसल्या, पहाटेच्या टाळांबद्दल. बाकीचे किल्लीबद्दल एकत्र बसले. शिवाजी आपण होऊनच बसला, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. पाड्यातले लोक प्रत्येक तक्रारीला गंभीरपणे मान हलवत होते. शब्दकोडं म्हणजे काय ते त्यांना कळलं नसावं, पण माझा आवाज कापत होता तो त्यांना कळत होता. अखेरीस मी म्हणालो, "सगळे मागायला येतात. माझं काय चाललंय, हे बाहेर नाही, घरात नाही, कुणी म्हणून कुणी विचारत नाही!"

एका कडेला वत्सला पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने डबा खाली ठेवला. पदर खोचला. पुढे आली.

"झालं का तुमचं? उठा."

मी उठलो. ती दगडावर बसली. मांडी घातली, हात मांडीवर ठेवले आणि गप्प झाली.

पाड्यात थोडी हालचाल झाली आणि सगळे पुन्हा नीट सरसावून बसले. भिकाने माझ्याकडे बघितलं. "इचार."

"काय गं, काय झालं?" मी म्हणालो.

"असा नाय," तानी म्हणाली. "उबा राहून नाय. खाली बस. मंग इचार."

बिल्डिंगच्या सेक्रेटरीने अख्ख्या बिल्डिंगसमोर धुळीत बसायचं म्हणजे काय, ते मी आता वर्णन करत नाही. बसलो. खालून वत्सलेचा चेहरा वेगळाच दिसत होता. डोळ्यांखाली काळं झालेलं होतं. कधी झालं कोण जाणे.

"काय झालं?" मी पुन्हा विचारलं.

तिने दगडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बोईसरला येऊन अकरा वर्षं झाली. समुद्र दहा-बारा किलोमीटरवर आहे. मी अजून बघितला नाही."

मी म्हणणार होतो की दांडी गावच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाने माझं डोकं चढतं, हे मी तिला अनेकदा समजावून सांगितलं होतं. तानीचं बोट वर होतं.

"दर वेळी म्हणालात, पुढच्या रविवारी. मी काही बोलले नाही. समुद्र कुठे पळून जातोय, असं मला वाटायचं." "डॉक्टरांकडून आल्यापासून तीन आठवडे मला झोप नाही. तुम्हाला शांतता हवी, हे पालघरच्या कारकुनाला कळलं, शिवाजीला कळलं. मला भीती वाटते, हे कुणाला कळलं नाही. तुम्हाला काही झालं तर मी इथे कशाला राहीन? माहेरी जाईन. आणि समुद्र न बघता जाईन."

चंद्रकांताबाई डोळे पुसत होत्या. माझी मान वर होईना. मला लाज वाटत होती. तिच्या पुऱ्या, तिचा पहारा, तिचं गप्प राहणं, हे सगळं मी शांतता म्हणून वापरलं होतं.

"कवा नेनार?" तानीने विचारलं.

"पुढच्या रवि..." मी म्हणालो, आणि तीस माणसांनी एकदम नकारार्थी मान हलवली.

"दगडावरचा बोलना सूर्य बुडायच्या आत पुरा करायचा," भिका म्हणाला. मग त्याने विळा उचलला. सगळे उठले, आणि आम्ही तिथे नव्हतोच अशा सहजतेने गवताकडे निघून गेले. वत्सलेने डबा चिमीच्या हातात दिला.

टेम्पोत सगळेच चढले. सहलीची परवानगी अकरा जणांची होती, आणि कुणीही कमी व्हायला तयार नव्हतं. शिवाजीने बोईसर ओलांडलं, पाम गावावरून दांडीच्या किनाऱ्याची वाट धरली. रेल्वेच्या फाटकात गाडी पंधरा मिनिटं अडली तेव्हा सगळे सूर्याकडे बघत होते. कमलाकांत वाटभर एक शब्द बोलले नाहीत. त्यांना अजून कुणी बोलायची परवानगी दिली नव्हती.

पोचलो तेव्हा सूर्य पाण्यापासून दोन हात वर होता. काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि वास होता तो होताच. डोकं चढलं की नाही, ते बघायला मला सुचलं नाही. हिरा नावाची एक कोळीण जाळ्यापाशी बसली होती. आमची निळी वरात बघून ती आधी हसली, मग वत्सलेकडे बघितलं आणि वाळूत ओढून ठेवलेल्या होडीवरची टोपली उचलून जागा करून दिली. "बस गो बाय."

वत्सला होडीच्या काठावर बसली. समुद्र बघून ती काहीतरी म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तिने चपला काढल्या आणि पाय वाळूत रोवले. सूर्य बुडाला. अंधारायला लागलं. मागे शिवाजीने हॉर्न वाजवला.

"निघायचं का?" मी विचारलं.

"आत्ता कुठे बसलेय मी," ती म्हणाली.

मी तिच्या पायांशी वाळूत बसलो. थोड्या वेळाने, खालूनच, विचारलं, "भीती वाटते अजून?"

"वाटते," ती म्हणाली. "पण तुम्ही बसा."

शिवाजीने पुन्हा हॉर्न वाजवला. कुणीतरी हाक मारली, "पुंडलिकराव!" मी ओ दिली नाही.